विजेच्या पेटीला हळदकुंकू

माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कळलं नाही आणि शाळा चौथीलाच सुटली, तेव्हा पुढे कळायचा प्रश्नच आला नाही. चुकून कोणाच्या हाती हे कागद पडलेच तर माफी असावी. खरं म्हणजे पडू नयेत. मला चार माणसांत बोलायची लाज वाटते, लिहिलेलं दाखवायची तर त्याहून जास्त. पण मागच्या श्रावणात वहिनी गेली आणि दिवसकार्याला जमलेल्या, तिला म्हातारपणीच बघितलेल्या सगळ्या बायका म्हणत होत्या, शेवंती गरीब स्वभावाची, कधी कोणाला वर मान करून बोलली नाही. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकत होते. बाहेर जाऊन सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही. म्हणून इथे लिहिते, की बोलली होती. भर रस्त्यात बोलली होती.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची आळी लागून होती. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेली ओटी, मागे एक फणस आणि आंबट निघालेला एक रायवळ आंबा. घरात आई, मी आणि वहिनी. दादा मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. सकाळी आधी मशिदीतली बांग ऐकू यायची, मग बंदरातून लाँचीच्या इंजिनाची टकटक, मग आमच्या आईचा खोकला, आणि मग वहिनीचं हसणं. ती सावर्ड्याच्या आतल्या एका खेड्यातली, कुळवाड्याची पोर. शेतात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारायची सवय, त्यामुळे हसली की नळावरून घरात ऐकू यायची. आई म्हणायची, "अगो, हळू हस, घरात पुरुषमाणूस नाय." वहिनी म्हणायची, "म्हणून तर हसतंय आई, असता तर दाबून हसलं असतं." आणि आई पदरात तोंड लपवायची, कारण तिलाही हसू यायचं. सकाळी पेज, तोंडी लावायला चुलीत भाजलेला खारा बांगडा. रात्री कुळथाची पिठी आणि भात. कधी सुकट मिळाली तर वहिनी त्यात इतकं आमसूल घालायची की दात आंबायचे, पण भाताची पातेली रिकामी व्हायची. तसलं कालवण मला अजून जमत नाही. सून म्हणते, आई, तुम्ही आमसूल मोजून घालता.

मी तेव्हा लग्नाच्या वयाची झालेली होते आणि कोणी पाव्हणा आला की कोठीत जाऊन बसायची. एकाच गोष्टीत माझा हात चालायचा. कार्तिकात तुळशीचं लग्न आलं की आळीतली सगळी वृंदावनं मी रंगवायची. गेरूचा हात, त्यावर चुन्याच्या रेघा, कोपऱ्यात कमळ, पुढे "राधा-दामोदर प्रसन्न". काम करताना माझी पाठ लोकांकडे असायची, म्हणून ते मला आवडायचं.

आळीच्या तोंडाशी रस्त्याला विजेची पेटी होती. लोखंडी, खांद्याइतकी उंच, दोन दारांची, दारावर कवटी आणि दोन हाडं असलेली पत्र्याची पट्टी. समोर चहाचं हॉटेल. पेटीवर सिनेमाच्या जाहिराती चिकटवायचे, पानाच्या पिचकाऱ्या मारायचे, आणि मागच्या बाजूला पुरुष काय करायचे ते वासावरून कळायचं. नळ पेटीच्या पलीकडे. म्हणजे आळीतल्या प्रत्येक बाईला हंडा घेऊन दिवसातून कितीदा तरी तिच्यासमोरून जायला लागायचं. नाकाला पदर आणि खाली मान, हीच तिथून जायची रीत.

एक दिवस सकाळी मी आणि वहिनी नळावर निघालो, तर हॉटेलातले लोक आमच्याकडे बघून आधी गप्प झाले आणि मग हसले. पेटीच्या दारावर डांबराने मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. सुरुवात मी लिहिते. "शेवंतीचा नवरा मुंबईत," अशी सुरुवात होती. पुढचं मी लिहीत नाही. चौथीपर्यंत शिकल्याचा इतका पश्चात्ताप मला आयुष्यात कधी झाला नाही. वहिनीला अक्षरओळख नव्हती.

"काय लिवलाय गो, वन्सं?"

"विजेचं आहे. हात लावू नका म्हणून."

"मग ते हसले कशाला?"

मी म्हटलं, मला काय माहीत. घरी येऊन हंडा ठेवताना अर्धं पाणी जमिनीवर गेलं. पण अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? नळावर बायका कुजबुजायच्या आणि वहिनी आली की गप्प व्हायच्या. काय लिहिलंय ते तिला कोणीच सांगितलं नाही, पण आपल्याबद्दल आहे एवढं तिला कळलं. तिचं हसणं बंद झालं. मग नळावर जाणंही बंद झालं. आई म्हणाली, "दादाच्या कानावर जाता कामा नये. मुंबईत आळीतली दहा माणसं हायत. एकानं जरी सांगितला तरी तो हिला माहेरी धाडील." आमच्या घरात तेव्हा एवढीच एक भीती होती. वहिनीला माहेरी धाडलं असतं तर ती परत आली नसती, आणि मला ती हवी होती.

तुळशीचं लग्न जवळ आलं होतं. घरात गेरू भिजवलेला, चुना निवळलेला. एका पहाटे उजाडताना मी काथ्याचा कुंचा घेतला आणि पेटी रंगवायला गेले. डांबरावर गेरूचे हात मारले तरी अक्षरं दिसतच राहिली, म्हणून त्यांच्यावर चुन्याच्या जाड रेघा ओढल्या, मधे कमळ काढलं, कडेला वेल. कवटीची पट्टी तेवढी सोडली. मला दुसरं काही काढता येत नव्हतं, मी जे काढते तेच काढलं. मागे सरून बघितलं तर पेटी हुबेहूब वृंदावनासारखी दिसत होती. त्याचं पुढे काय होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

झालं असं की नळावरून भरला हंडा घेऊन येणारी बाई पेटीपाशी आली की तिचा हात आपोआप हंड्यात जायचा आणि ओंजळभर पाणी पेटीच्या पायाशी पडायचं. मग कोणीतरी झेंडूचं फूल ठेवलं. मग उदबत्ती. कवटी उघडी राहिली होती, तिच्या कपाळावर कोणीतरी हळदकुंकू लावलं. कोणी कोणाला विचारलं नाही. आणि गंमत म्हणजे पिचकाऱ्या थांबल्या, जाहिराती थांबल्या, मागचा वासही थांबला. हॉटेलातला एक तर जाता-येता हात जोडायचा. वहिनी पुन्हा नळावर जायला लागली. मी म्हटलं, देव पेटीत असो नसो, आपलं काम झालं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी कोणीतरी ओंजळीवर न भागवता अख्खा तांब्या कवटीवर ओतला. पेटीतून फट्‌ आवाज आला आणि आळीतले सगळे रेडिओ एकदम बंद पडले. दुपारी वायरमन गणू सायकलवरून आला. पेटी उघडणार इतक्यात बायकांनी त्याला अडवलं.

"चपला काढ मेल्या! देवाचं स्थान हाय."

"मावशे, ह्या रबरी चपला हायत म्हणून मी जिवंत हाय."

"देवळात जातोस तेव्हा नाय चपला काढत? इथंच जड झाल्या?"

गणू बिचारा नवीन होता आणि समोर बायका आठ-दहा. त्याने चपला काढल्या. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा राहून त्याने पेटीत हात घातला आणि दुसऱ्या क्षणाला तो रस्त्याच्या पलीकडच्या दगडी गडग्याला टेकून बसलेला होता, डोळे उघडे. आईने त्याच्या तळव्यांना कांदा चोळला. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तुमची देवी कडक हाय गो, मावशे." सगळ्या हसल्या, पण मी घरात जाऊन रडले. माणूस मेला असता.

वीजवाल्यांच्या ऑफिसातून साहेब आले. त्यांनी फुलं काढून टाकली, पेटी घासून घेतली आणि तिच्यावर राखी रंग मारून घेतला. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण गुळगुळीत राखी पेटी म्हणजे पुसून ठेवलेली पाटीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओळ पुन्हा तिथे होती, डांबराने, पहिल्यापेक्षा मोठी. कोणी लिहिली ते मला आजही नक्की माहीत नाही. संशय ज्यांच्यावर होता त्यातला एक आता म्हातारा होऊन देवळाच्या कट्ट्यावर बसतो आणि मला बघून "काय कुसुमताई, बरं आहे ना?" विचारतो. मी हो म्हणते.

त्या दुपारी वहिनीने मला मागच्या पडवीत बसवलं. ती भाजीसाठी फणसाच्या कोवळ्या कुयऱ्या चिरत होती, हाताला तेल लावलेलं. म्हणाली, "वन्सं, आता खरा सांग. काय लिवलाय?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"माझ्याबद्दल हाय आणि मलाच ठाऊक नाय, बाकी सगळ्या गावाला ठाऊक. असा कसा चालेल? सांग."

मी तिच्याकडे न बघता, फणसाकडे बघून सांगितलं. ती थोडा वेळ चिरत राहिली. मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, आरती पाठ करतात तशी. "बरा," ती म्हणाली. "आता ह्याच्यावर असा रंग मार की साहेबाच्या बापाला निघू नये."

लोखंडावर टिकणारा रंग मिळतो कुठे हे आम्हाला माहीत होतं. बंदरावरच्या मिरकरवाड्याला हसनचाचा होड्या रंगवायचे. गलबतांवर काम केलेले, दाढी पांढरी, पायजम्यावर सगळ्या रंगांचे ठिपके. एक होडी वाळूवर ओढून घेतलेली, तिच्या कडेला ते निळा पट्टा मारत होते. वहिनीने मला पुढे ढकललं, पण मी तिच्याच मागे सरले, म्हणून तिनेच सगळं सांगितलं, लिहिलेल्या ओळीसकट. चाचांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"लोकंडावर आधी तांबडा हात मारायचा, मग रंग. गेरू काय, धुऊन जातो. डबे नाखव्याचे, होडीच्या मालकाचे हायत बेटी, माझे नायत. फुकट देन्याइतका मी मोठा नाय. उधार देतो."

वहिनी म्हणाली, "आमाला जामीन कोण राहील चाचा?"

"जामीन कशाला? पेटी रस्त्यात हाय. ती काय उधारी बुडवून पळनार हाय?"

निळा, पांढरा, पिवळा, तांबडा असे डबे घेऊन आम्ही आलो. आईने डबे बघितले आणि भांडण काढलं. बायकांनी रस्त्यात उभं राहून रंगकाम करायचं, हॉटेलातल्या पुरुषांसमोर, हे तिला सहन होईना. मलाही होत नव्हतं. पण वहिनी म्हणाली, "पहाटे लपून नाय करायचं. त्यानं लपून लिवला. आपण दुपारी बारा वाजता रंगवू." मी पदर खोचला आणि गेले. पाठ लोकांकडे होती तरी कानाला हॉटेलातला एकेक शब्द ऐकू येत होता. "बंदरावर नोकरी लागली वाटतं." "बायांनो, आमचा पण फोटो काढा." माझे कान तापले होते. वहिनी शेजारी डबा धरून उभी होती आणि ती त्यांच्याकडे तोंड करून उभी होती. खाली मान घातली नाही. तिच्याकडे बघून त्यांची गंमत हळूहळू कमी झाली.

पुढे आळीतल्या बायका येऊ लागल्या. आधी लांबून, मग जवळ. नळाकडे जाताना प्रत्येकीला काहीतरी सुचायचं. राजिवड्याहून लेकीकडे आलेली फातिमाखाला म्हणाली, "माझ्या माणसाचं जहाज काढ, तो कुवेतला हाय." तिच्या जहाजाचा धूर कोणत्या दिशेला जायचा यावरून मायलेकी भांडल्या. एकीला भाताची लावणी हवी होती, एकीला सुरमई, "आणि तिचे डोळे नीट काढ, मेलेल्या माशासारखे नको, आम्ही ताजीच विकतो." आईने चार दिवस तोंड फिरवलं, पाचव्या दिवशी येऊन म्हणाली, "आंब्याच्या झाडाला मोहोर नाय काढलास?" आणि स्वतःच बोटाने पिवळे ठिपके दिले. आजही माझ्या डोळ्यांसमोर त्या चित्रापेक्षा ते तिचं बोट जास्त येतं. गणूही सायकल थांबवून बघून गेला. म्हणाला, "काय पण काढ ताई, कवटीला हात लावू नको, आणि दाराच्या फटीत रंग भरू नको. आणि देव काढू नको गो, हात जोडतो!" देव काढला नाही. दाराच्या मधोमध, जिथे ती ओळ होती तिथे, वहिनीने सांगितलं तसं काढलं. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, समोर बघणारी, दात दिसतील इतकी हसणारी. मला तिचा चेहरा जमला नाही, नाक फार मोठं झालं. पण कोण आहे ते सगळ्यांना कळलं.

रंग अजून चिकट होता तेव्हा साहेबांची जीप आली. कोणीतरी तक्रार केली होती. साहेब उतरले, पेटीकडे बघितलं, आणि बरोबरच्या माणसाला म्हणाले, "खरवडा. सरकारी मालमत्ता आहे." त्या माणसाच्या हातात लोखंडी पत्रा होता. आळी गोळा झाली, हॉटेलातले उठून उभे राहिले. मी दाराआड. हो, दाराआडच होते, पण फट मोठी होती. आईने पद्धत म्हणून गूळपाणी नेलं, साहेबांनी गोंधळून तांब्या हातात घेतला.

वहिनी पेटीसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, पाणी प्या आणि एक ऐका. तुम्ही राखी रंग दिलात ना, त्याच्यावर काय लिवलेला होता ठाऊक हाय?"

"मला तुमच्या भानगडीत पडायचं नाही."

"मी वाचाया शिकले नाय. माझ्या नणंदेकडून पाठ करून घेतलाय. ऐका."

आणि तिने ती सगळी ओळ म्हटली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, शेतात हाक मारायच्या आवाजात. आळीभर ऐकू गेलं. हॉटेलातल्या एकाने हातातली कपबशी खाली ठेवली. साहेबांचं तोंड कानापर्यंत लाल झालं. त्यांचा माणूस पत्रा पाठीमागे लपवून उभा राहिला. वहिनी म्हणाली, "शेवंती म्हणजे मी. हे इतके दिवस इथं होता. ते पुसाया तुमचा मानूस एकदा तरी आला काय? आणि मासे पुसाया जीप घेऊन आलाव! खरवडा. पण खरवडल्यावर परत कोणी लिवला, तर मी रोज सकाळी तुमच्या ऑफिसात येऊन मोठ्यानं म्हणून दाखवीन. मला पाठ हाय."

साहेबांनी तांब्या आईच्या हातात दिला. पेटीला बोट लावून बघितलं, बोटाला निळा रंग लागला. रुमालाने पुसत म्हणाले, "ओला आहे अजून. वाळू दे. मग बघू." जीप गेली. ते "मग" काही आलं नाही. त्या पेटीवर पुन्हा कोणी एक अक्षर लिहिलं नाही. पुढे रस्ता रुंद करताना पेटीच काढून नेली, त्याला आता बरीच वर्षं झाली.

शिमग्याला दादा आला. मुंबईत त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं, आईला भीती होती तसंच. पिशवी ओटीवर टाकली आणि तसाच परत रस्त्याला गेला. आई देवासमोर बसली. वहिनी चुलीपुढे, भाकरी थापतच राहिली, पण एक भाकरी तिच्या हातून जळली. दादा परत आला तो पाय धुऊन जेवायला बसला. दोन घास झाल्यावर म्हणाला, "नाक मोठं झालंय." वहिनी मला म्हणाली, "बघ, मी म्हटला नव्हता?" आणि इतक्या महिन्यांनी ती तशी हसली. तो तिला माहेरी धाडणार नव्हता. रात्री त्याने खिशातून नोटा काढून आईपुढे ठेवल्या. "रंगाचे देऊन टाका त्या चाचाला."

वहिनी म्हणाली, "त्यात कौलं घ्या, पावसाच्या आधी. रंगाचे आमचे आम्ही देऊ."

"घरातलेच पैसे ना? फरक काय?"

"चित्र आमी काढला. पैसे पन आमीच देनार."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी नेहमीसारखी खाली बघणार होते, पण मी म्हटलं, "हो, आम्हीच." मोठ्या भावासमोर उलट बोललेले माझे पहिले शब्द हेच.

मग आम्ही दोघी काजूच्या शेडमध्ये सोलायला जाऊ लागलो. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघायची, हात काळे पडायचे, राख आणि खोबरेल लावून जेवायला बसायचं. आई नावं ठेवत डबा भरून द्यायची. आठवड्याची मजुरी मिळाली की अर्धी घरात आणि अर्धी हसनचाचांकडे. कधी चाचा म्हणायचे, "राहू दे गो पोरी, बस झाला." वहिनी म्हणायची, "चाचा, तुमी उधार दिलाव, दान नाय दिलाव." मग ते घ्यायचे.

पावसाआधी होड्या वर ओढायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही शेवटचे पैसे घेऊन गेलो. चाचा होडीच्या सावलीत बसले होते. वहिनीने नोटा माझ्या हातात दिल्या, म्हणाली, आज तू दे. मी दिल्या. चाचांनी बोट ओलं करून एकेक नोट मोजली, नाखव्याकडून आलेल्या गड्याची मोजतात तशीच, घाई न करता. मग चिल्लर मोजली. त्यातला एक पैसाही त्यांनी परत केला नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटलं. पैसे कमरेला खोचून ते म्हणाले, "फिटले."